गाडी आली आणि गाडी आली आहे

"सर, 'जेवलो' अन् 'जेवलो आहे' एकच तं आहे. मग इंग्रजीत दोन काळ कायले पाहिजे?"

देवळीत इंग्रजी शिकवायला बसलं की हा प्रश्न आज ना उद्या येतोच. विचारणारा कधी दहावीतला मुलगा असतो, कधी नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारा तिशीतला माणूस. प्रश्न रास्त आहे. दुपारी शेजारच्या काकूंनी "जेवला का रे?" म्हणून विचारलं, तर आपण "जेवलो" म्हणतो किंवा "जेवलो आहे" म्हणतो. दोन्ही उत्तरांनी काकू ताट वाढायच्या थांबतात. मराठीत या दोन वावरांमधला धुरा इतका बारीक आहे, की बोलणारा तो कधी ओलांडून गेला हे त्याचं त्यालाही कळत नाही. इंग्रजीत मात्र तिथं कुंपण घातलेलं आहे. ते नेमकं कुठून जातं, तेवढं या प्रकरणात बघायचं.

इंग्रजी वाक्यं इथं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्यानं म्हणून बघावीत. हे काळ डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सवयीचे होतात.

१. नोंद आणि शिल्लक

बँकेचं पासबुक उघडा. डाव्या बाजूला तारखा आहेत. जूनमध्ये बियाण्यासाठी पैसे काढले, ऑगस्टमध्ये खतासाठी काढले, डिसेंबरात कापसाचे पैसे जमा झाले. प्रत्येक ओळ एकेका दिवसाला बांधलेली. आता सगळ्यात खालची शिल्लक बघा. त्या जुन्या व्यवहारांतूनच ती तयार झाली, पण ती जूनची नाही आणि ऑगस्टचीही नाही. ती आजची आहे. खात्यात किती आहेत, असं कोणी विचारलं तर आपण रक्कम सांगतो, तारीख सांगत नाही.

साधा भूतकाळ म्हणजे नोंद. प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे आपल्या व्याकरणातला पूर्ण वर्तमानकाळ, ही शिल्लक.

'आय लॉस्ट माय की ऑन मंडे.' किल्ली सोमवारी हरवली. पुढं ती सापडली की नवी करून घेतली, याबद्दल वाक्य काही बोलत नाही. 'आय हॅव लॉस्ट माय की.' म्हणजे मी आत्ता कुलूप लागलेल्या दारासमोर उभा आहे. किल्ली हरवली ती मागंच, पण बोलणाऱ्याला सांगायचं आहे ते आत्ताचं. नावात 'वर्तमान' आहे ते याचसाठी. पहिल्यांदा शिकणारा 'पूर्ण' या शब्दाकडे बघतो आणि संपलेली गोष्ट म्हणून हा काळ भूतकाळाच्या खोलीत नेऊन ठेवतो. तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

शिल्लकेला तारीख नसते, हे एकदा मनात बसलं की या काळाचा सगळ्यात कडक नियम पाठ करावा लागत नाही. यस्टर्डे, लास्ट इयर, टू डेज अगो, इन २०२२ असा संपलेल्या वेळेचा शब्द वाक्यात आला, की हॅव किंवा हॅजला तिथं जागा नाही. मुलाखतीत सर्रास ऐकू येणारं वाक्य घ्या : 'आय हॅव पास्ड ट्वेल्थ इन २०२२.' यात नोंद आणि शिल्लक एकाच रकान्यात लिहिली गेली. साल सांगायचं असेल तर 'आय पास्ड ट्वेल्थ इन २०२२.' आज माझ्याकडे बारावीची पात्रता आहे, एवढंच सांगायचं असेल तर 'आय हॅव पास्ड ट्वेल्थ.' दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त त्यांची सरमिसळ चालत नाही.

ही चूक करणाऱ्याला मी कधी रागावत नाही. 'मी २०२२ साली बारावी पास झालो आहे' हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. आपली शिल्लक तारखेचं वावडं मानत नाही, इंग्रजीची मानते. चूक आळसातून आलेली नाही, ती मातृभाषेच्या चांगल्या जाणिवेतून आली आहे.

टुडे, धिस वीक, धिस इयर हे शब्द मात्र चालतात, कारण त्यांचं दार अजून बंद झालेलं नाही. सकाळी दहा वाजता 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' म्हणता येतं. संध्याकाळी पाचला तीच सकाळ संपलेली असते, म्हणून 'आय हॅड'.

२. बातमी कशी सुरू होते

देवळीतल्या आजच्या तिशी-चाळिशीतल्या माणसांनी गावाच्या रेल्वेबद्दल लहानपणी ऐकलं होतं ते होणार, होणार एवढंच. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. देवळी आणि भिडी ही स्थानकं याच टप्प्यावरची. त्या दिवसाची बातमी इंग्रजीत लिहायची तर सुरुवात अशी होईल :

'द रेल्वे हॅज कम टु देवळी.'

आणि लगेच पुढचं वाक्य : 'द प्राइम मिनिस्टर इनॉगरेटेड द वर्धा-कळंब लाइन ऑन वेन्सडे.'

पहिल्या वाक्यात हॅज आहे, दुसऱ्यात नाही. बातमी देणारा आधी शिल्लक सांगतो : गावाला आता रेल्वे आहे. मग वाचक विचारतो, कधी? कोणी? कुठून? तिथून पुढं सगळ्या नोंदी, आणि नोंदी साध्या भूतकाळात. कोणतंही इंग्रजी वर्तमानपत्र उघडून बघा, पहिल्या ओळीत हॅज किंवा हॅव, पुढच्या ओळींत वार आणि साधा भूतकाळ, अशी जोडी वारंवार भेटेल.

बोलण्यातही असंच होतं. 'हॅव यू एव्हर बीन टु मुंबई?' 'यस, आय हॅव. आय वेंट देअर इन २०१९. आय स्टेड विथ माय अंकल.' दार हॅवनं उघडायचं, आत गेल्यावर साध्या भूतकाळात बोलायचं. आमची मुलं एकदा हॅव लावलं की गोष्ट संपेपर्यंत हॅवच लावत राहतात : आय हॅव गॉन, आय हॅव स्टेड, आय हॅव ईटन. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस प्रत्येक वाक्याला पुन्हा नवीन बातमी सांगतोय.

३. हे 'हॅव' आलं कुठून?

दुसरा प्रश्न हमखास येतो तो असा : हॅव म्हणजे जवळ असणं. आय हॅव अ पेन, माझ्याकडे पेन आहे. मग आय हॅव ईटन म्हणजे काय, खाल्लेलं माझ्याकडे आहे?

खरं सांगायचं तर, हो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही रचना जवळजवळ याच अर्थाची होती. 'माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे' असं आपण म्हणतो ना, तशी. पत्र हाताशी आहे आणि ते लिहून झालेलं आहे. हळूहळू 'जवळ असणं' पुसट झालं, 'लिहून झालं' तेवढं उरलं, आणि मग जिथं हातात धरण्यासारखं काहीच नाही तिथंही हॅव वापरलं जाऊ लागलं.

येणं-जाणं या क्रियांना मात्र हा हॅव फार उशिरा चिकटला. काही शतकांपूर्वीचा इंग्रज 'ही हॅज कम' ऐवजी 'ही इज कम' म्हणत असे. थेट आपलं 'तो आला आहे'. त्या जुन्या रचनेचा एक तुकडा आजही जिवंत आहे : 'ही इज गॉन.' मराठीला हॅव नाही, आपलं सगळं 'आहे'वर चालतं. म्हणजे आपण जे बोलतो ते इंग्रजीला अनोळखी नाही, तिनं ते मागं सोडलं एवढंच.

हॅव की हॅज हा गोंधळही मराठीतूनच येतो. 'सीतेनं आंबे खाल्ले आहेत.' यात 'आहेत' कोणाकडे बघतं? सीतेकडे नाही, आंब्यांकडे. पोळी असती तर 'खाल्ली आहे' झालं असतं. क्रियापदानं खाल्लेल्या वस्तूकडे बघायचं, ही आपली रीत. म्हणून मूल बरेच आंबे बघून 'सीता हॅव ईटन मँगोज' लिहितं. इंग्रजी क्रियापद फक्त करणाऱ्याकडे बघतं. सीता एकटी, म्हणून हॅज, मग तिनं एक आंबा खाल्लेला असो की पेटीभर.

आणि ते तिसरं रूप, गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, ज्याचा मुलं धसका घेतात? मराठीत बघा : जा-गेला, कर-केलं, खा-खाल्लं, घे-घेतलं, सांग-सांगितलं, म्हण-म्हटलं. यातलं एकही नियमानं चालत नाही, आणि आपण त्यातलं एकही घोकून पाठ केलेलं नाही. ऐकून ऐकून आलं. इंग्रजीची रूपंही वाक्यातच बसतात, तक्त्यात बसत नाहीत. एकेक रूप पाठ करण्यापेक्षा रोज आपल्या दिवसाबद्दल पाच वाक्यं मोठ्यानं म्हणावीत.

४. बापू कुटीसमोरचं वाक्य

सेवाग्राम देवळीहून फार लांब नाही. परगावचे, परदेशचे पाहुणे तिथं येतच असतात. समजा, आपल्यापैकी कोणी त्यांना कुटी दाखवतो आहे. मराठीत आपण सहज म्हणू, "या कुटीत गांधीजी राहिलेले आहेत." सुंदर मराठी वाक्य. त्यात त्या जागेचं मोल आलं, तिच्याबद्दलचा आदर आला. पण तेच इंग्रजीत 'गांधीजी हॅज लिव्ड हिअर' असं गेलं, तर इंग्रजी कान अडखळतो.

का? शिल्लक नेहमी चालू खात्याची सांगतात. या वाक्याचा कर्ता गांधीजी आहेत आणि ते आज हयात नाहीत. त्यांच्या आयुष्याबद्दल जे बोलायचं ते इंग्रजीत नोंदींच्या भाषेत बोलायचं. 'गांधीजी लिव्ड हिअर.' 'ही केम टु धिस व्हिलेज इन १९३६.' काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी भारत सोडून जावं अशी मागणी करणारा ठराव १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यात केला, तोही 'पास्ड', 'हॅज पास्ड' नव्हे.

आता कर्ता बदला. कुटी अजून उभी आहे. तिच्याबद्दल बोला : 'धिस हट हॅज सीन मेनी लीडर्स.' इथं हॅज अगदी शोभून दिसतो, कारण कुटीचं खातं चालू आहे. 'पीपल फ्रॉम मेनी कंट्रीज हॅव व्हिजिटेड सेवाग्राम' हेही बरोबर, कारण लोक येतच आहेत. मराठीत 'राहिलेले आहेत' म्हणून जो आदर आपण व्यक्त करतो, तो इंग्रजीत आणायचा असेल तर माणसाऐवजी जागेला कर्ता करावं. ही युक्ती मला फार आवडते. कारण ती शिकताना मूल व्याकरणाबरोबर आपल्या परिसराकडेही बघायला लागतं.

५. नाव एकच, हद्द वेगळी

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. त्या काळापासून आपल्या शालेय व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा ठसा आहे. साधा, अपूर्ण, पूर्ण असे कप्पे दोन्हीकडे सारखे दिसतात. सोयीचं आहे, पण त्यातून एक समज घट्ट होतो : जिथं मराठीत '-ला आहे, -ली आहे', तिथं इंग्रजीत हॅव किंवा हॅज. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. पाचवीत सुरुवात केलेली आई आणि पहिलीत सुरुवात केलेली तिची मुलगी, दोघी याच जागी अडतात.

ओसरीवर जाऊन बघा. आजी खाटेवर बसली आहे. तिनं नऊवारी नेसली आहे. चष्मा लावला आहे. नातू तिच्या मांडीवर झोपला आहे. दाराआडच्या खिळ्याला पिशवी टांगली आहे. कप्प्याच्या हिशेबानं ही पाचही वाक्यं पूर्ण वर्तमानकाळातली. इंग्रजीत यातलं एकही तसं जात नाही. आजी 'इज सिटिंग'. साडी आणि चष्मा 'इज वेअरिंग'. नातू 'इज स्लीपिंग'. पिशवी 'इज हँगिंग'.

मराठीतलं 'बसणं' म्हणजे उभ्याचं बसतं होणं, ती एक हालचाल. हालचाल झाली, आणि माणूस त्या अवस्थेत आहे, म्हणून 'बसली आहे'. इंग्रजीतल्या 'सिट'मध्ये अवस्थाही येते, म्हणून बसलेलं असणं हे तिथं चालू काम ठरतं. ओळखायचं कसं? "आजी काय करून राहिली?" असं विचारून बघा. उत्तर 'बसली आहे', 'झोपली आहे', 'टेकली आहे' असं आलं, तर ती अवस्था आहे आणि इंग्रजीत 'इज' लागणार.

शरीर-मनाच्या अवस्थाही अशाच. भूक लागली आहे : आय ॲम हंग्री. दमलो आहे : आय ॲम टायर्ड. तिचं लग्न झालं आहे : शी इज मॅरिड. ताप आला आहे : आय हॅव अ फीवर. या शेवटच्या वाक्यातला हॅव आपल्या काळाचा नाही, तो साधा 'माझ्याकडे आहे'वाला हॅव आहे. दवाखान्यात 'फीवर हॅज कम टु मी' म्हणणारा माणूस मराठीशी इमान राखतो, पण डॉक्टर इंग्रजी बोलणारा असेल तर क्षणभर थबकतो.

आता वावरात चला. तिथं मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात, कारण तिथं अवस्था नाही, बदल आहे. पऱ्हाटीला बोंडं लागली, ती पिकली, आणि एका सकाळी कापूस फुटला आहे : 'द कॉटन बोल्स हॅव ओपन्ड.' काल हिरवं होतं, आज पांढरं आहे. विहीर आटली आहे : 'द वेल हॅज ड्राइड अप.' भाव पडले आहेत : 'द प्राइसेस हॅव फॉलन.' वेचणी संपली आहे, पोरं मोठी झाली आहेत, रस्ता रुंद झाला आहे. आधी एक होतं, आता दुसरं आहे, असं जिथं म्हणता येतं तिथं हॅव-हॅज बिनधास्त लावा. देवळी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला या काळाची उदाहरणं शोधायला पुस्तकात जायची गरज नाही. हंगाम पूर्ण वर्तमानकाळातच बोलतो.

६. आलो, आलो!

उलट दिशेचाही प्रश्न आहे. मराठीत 'आहे' नाही, पण इंग्रजीला हॅव हवा.

"मी आत्ताच जेवलो" : 'आय हॅव जस्ट ईटन.' "गृहपाठ झाला का?" : 'हॅव यू फिनिश्ड युअर होमवर्क?' इथं मराठीनं साधा भूतकाळ वापरला आणि अर्थ शिल्लकेचाच दिला. आत्ताच, आधीच, अजून, कधी तरी, कधीच नाही, असे शब्द दिसले की सावध व्हायचं. जस्ट, ऑलरेडी, येट, एव्हर, नेव्हर हे त्यांचे इंग्रजी जोडीदार आणि त्यांची बैठक बहुतेक वेळा हॅवसोबत. अमेरिकेत 'डिड यू ईट येट?' असंही सर्रास बोलतात. तिकडच्या मालिका बघणाऱ्या मुलांनी गोंधळून जाऊ नये, तेही चूक नाही. आपल्या शाळांत शिकवलं जातं ते वळण ब्रिटिश आहे, एवढंच.

यातला 'अजून' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. 'डॉक्टर आले नाहीत.' हे वाक्य इंग्रजीत कसं न्यायचं? एकट्या वाक्यावरून ठरत नाही. त्यात 'अजून' घालून बघा. डॉक्टर अजून आले नाहीत, म्हणजे आपण वाट बघतोय, दार उघडं आहे : 'द डॉक्टर हॅज नॉट कम येट.' आता 'काल' घाला. डॉक्टर काल आले नाहीत, दार बंद झालं : 'द डॉक्टर डिड नॉट कम यस्टर्डे.' अजून की काल, या एका कसोटीवर परीक्षेतल्या निम्म्या रिकाम्या जागा भरता येतात.

आणि एक मजेदार जागा. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "जेवायला ये." मुलगा पुस्तकातून मानही वर न काढता ओरडतो, "आलो, आलो!" तो हलला नाही, आला तर मुळीच नाही. तरी मराठीत तो 'आलो' म्हणतो आणि आई समजून घेते. आपल्या भूतकाळात एवढी लवचीकता आहे, की जे नक्की घडणार त्यालाही तो घडलेलं म्हणू शकतो. इंग्रजीत इथं ना 'आय केम' चालतं ना 'आय हॅव कम'. तिथं 'आय ॲम कमिंग'.

७. गेला आहे, जाऊन आला आहे

'ही हॅज गॉन टु नागपूर' आणि 'ही हॅज बीन टु नागपूर' यांतला फरक मोठमोठी पुस्तकं पानभर समजावतात. मराठी माणसाला दोन शब्द पुरे. गॉन म्हणजे गेला आहे, घरी नाही. बीन म्हणजे जाऊन आला आहे, समोर बसून चहा पितोय.

८. खुंटा आणि दावं

गोठ्यातली गाय बघा. खुंटा एका जागी ठोकलेला आणि गायीपासून खुंट्यापर्यंत दावं. 'सोमवारपासून' म्हणालात तर खुंटा दाखवलात. 'तीन दिवसांपासून' म्हणालात तर दाव्याची लांबी मोजलीत. मराठीत दोन्हीकडे 'पासून'च लागतं. इंग्रजीत खुंट्याला सिन्स, लांबीला फॉर. सिन्स मंडे, सिन्स दिवाळी, सिन्स २०१५. फॉर थ्री डेज, फॉर टेन इयर्स. 'सिन्स थ्री डेज' ही चूक सुशिक्षितांच्या तोंडीही असते, आणि तिचं कारण हे एकच 'पासून'.

पण त्याहून महत्त्वाचं पुढं आहे. 'मी दहा वर्षांपासून देवळीत राहतो.' मराठीत 'राहतो', साधा वर्तमानकाळ. म्हणून आपण म्हणतो 'आय लिव्ह' किंवा 'आय ॲम लिव्हिंग'. इंग्रजी इथं हॅव मागतं : 'आय हॅव लिव्ड इन देवळी फॉर टेन इयर्स.' दावं मागच्या खुंट्याला आहे, पण गाय आत्ता इथं उभी आहे. ही दोन टोकं एकाच वेळी धरणारा काळ इंग्रजीत हाच.

हॅव गाळलं तर काय होतं ते मुलाखतीला जाणाऱ्यांनी नीट ऐकावं. 'आय वर्क्ड इन अ जिनिंग फॅक्टरी फॉर थ्री इयर्स.' समोरचा माणूस यावरून समजतो, की तुम्ही ती नोकरी सोडली आहे. दावं आहे, गाय नाही. अजून तिथंच काम करत असाल तर 'आय हॅव वर्क्ड' म्हणायलाच हवं. एका हॅवमुळे माणूस नोकरीत असतो, नाही तर नसतो.

९. पाहून राहिलो

आता आपल्या घरची गोष्ट. "काय करून राहिला बे?" "वाट पाहून राहिलो." पुण्याकडचा माणूस 'राहिलो' ऐकून हे भूतकाळात गेलं असं समजतो. वर्धा, यवतमाळ, नागपूरकडच्या माणसाला मात्र माहीत आहे, की हे आत्ताचं आहे, काम चालूच आहे. काही ठिकाणी मुलांच्या तोंडचं हे 'राहिलो' अशुद्ध म्हणून खोडलं जातं. मला ते मनापासून खटकतं. ज्या रूपानं इंग्रजीचा अवघड काळ सहज हाती लागतो, तेच आपण मुलाच्या तोंडून काढून घेतो.

'आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स.' याचं विदर्भातलं मराठी करा : "दोन घंट्यांपासून वाट पाहून राहिलो." वेटिंगच्या जागी 'पाहून', बीनच्या जागी 'राहिलो'. मागं सुरुवात झाली, मध्ये तुटलं नाही, अजून चालू आहे. एक खूणगाठ मात्र बांधा. 'पासून' असेल तर हॅव बीन, नसेल तर नुसतं ॲम. "अभ्यास करून राहिलो" : 'आय ॲम स्टडिंग.' "सकाळपासून अभ्यास करून राहिलो" : 'आय हॅव बीन स्टडिंग सिन्स मॉर्निंग.'

आता एक शेवटचा सराव. देवळी स्टेशनच्या फलाटावर एक बाई उभ्या आहेत आणि वर्ध्याला शिकणाऱ्या मुलीशी फोनवर बोलताहेत : "मी स्टेशनावर आली आहे. अर्ध्या घंट्यापासून वाट पाहून राहिली. गाडी अजून आली नाही. काल तं वेळेवर आली होती."

चार वाक्यं, एकेक करून घेऊ. पहिलं बदलाचं : आधी घरी होत्या, आता स्टेशनावर आहेत. 'आय हॅव रीच्ड द स्टेशन.' दुसऱ्यात 'पासून' आणि 'पाहून राहिली' दोन्ही आहेत. 'आय हॅव बीन वेटिंग फॉर हाफ ॲन अवर.' अर्धा तास ही दाव्याची लांबी, म्हणून फॉर. तिसऱ्यात 'अजून'. 'द ट्रेन हॅज नॉट कम येट.' चौथ्यात 'काल' आहे, तारीख आली, शिल्लक संपली. 'यस्टर्डे इट केम ऑन टाइम.'

वर्गात इथं बरेच हात वर होतात. मराठीत 'आली होती' आहे, मग 'हॅड कम' का नाही? त्या 'होती'ची हद्दही दोन भाषांत वेगवेगळी आहे, आणि पुढचं प्रकरण तिचंच आहे.